नळीच्या सांध्यातील गळती व तिचा प्रतिबंध

टाकीवरून गोठ्यास व रोपवाटिकेस पाणी नेण्यासाठी रबरी वा प्लॅस्टिकच्या नळीचा उपयोग सर्वत्र होतो. नळी धड असूनही पाणी वाया जाते, ते बहुधा सांध्यातून. मिनिटास एक लिटर गळती दिसावयास क्षुल्लक. परंतु तोटी दिवसरात्र उघडी राहिल्यास ती १,४४० लिटर होते. दुभत्या म्हशीस दिवसाला ७० लिटर पाणी धरले, तर एवढ्यात वीस म्हशींची तहान भागेल. शिवाय प्रवाह थांबताच सांध्याभोवतीचे घाण पाणी नळीत ओढले जाण्याचा संभव असतो.

नळीच्या आट्यांच्या सांध्यात पाणी अडवितो तो आतील रबरी वायसर. आटे त्यास केवळ दाबून धरतात. म्हणून गळती दिसताच पान्याने जोर लावू नये. त्यामुळे वायसर चिरडतो व आटे झिजतात. सांधा उघडून पाहावा. वायसर कडक, दबलेला किंवा भेगाळलेला असल्यास नवीन बसवावा, आट्यांतील वाळू पुसावी व सांधा हातानेच घट्ट करावा.

नळी निपलवर चढविताना तिचे टोक सरळ कापावे, कोमट पाण्यात बुडवून पूर्ण चढवावे व स्क्रूची क्लिप आवळावी. तार गुंडाळू नये. ती नळीत रुतते. नळीचा भार सांध्यावर लोंबत ठेवू नये. काम संपताच तोटी बंद करून नळी सावलीत ठेवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गळत्या सांध्याखाली बादली ठेवून एका तासाचे पाणी शेतकऱ्यांसमक्ष मोजून दाखवावे. अल्प किमतीच्या वायसराचे मोल त्यावरून सहज पटेल.