किमतीच्या स्टिकरखाली

भाचीच्या पहिल्या वाढदिवसाला सगळ्यांनी सोन्याचं काही ना काही दिलं, मी पुस्तक दिलं. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण पुढे महिनाभर घरात "आत्यानं आणलेल्या पुस्तकामुळे" हे शब्द ऐकावे लागले, ते अजून टोचतात. म्हणून जे घडलं ते सांगते.

पट्टी ओढली की ससा बिळातून डोकावतो, चक्री फिरवली की बसची चाकं फिरतात, असं ते जाड पुठ्ठ्याचं बोर्ड बुक. पुण्याच्या एका प्रदर्शनात पावणेपाचशेला घेतलं. "वर्षाच्या बाळाला चालेल ना?" असं मी स्पष्ट विचारलं होतं. "ताई, सहा महिन्यांपासून चालतं," हे विक्रेत्याचं उत्तर.

जुलैत रत्नागिरीच्या हवेनं पुठ्ठा फुगला आणि पट्ट्या अडकायला लागल्या. अडकलेली वस्तू दिसली की तेरा महिन्यांचं मूल आधी हिसडे देतं, मग दात लावतं. एका संध्याकाळी ती गप्प बसून काहीतरी चघळताना वहिनीला दिसली. गालात चक्रीचं प्लॅस्टिकचं रिव्हेट होतं, हरभऱ्याएवढं. पुढेच होतं म्हणून चटकन निघालं.

रात्री मी पुस्तक उलटसुलट करून पाहत होते. मागच्या बाजूला किमतीचं स्टिकर होतं. ते नखानं खरवडलं तर खाली लाल वर्तुळ, त्यात बाळाचा चेहरा, 0-3 हे आकडे आणि वरून तिरकी रेघ. तीन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, ही ती खूण. माझे हातपाय गार पडले. बाकी सगळं कव्हर मोकळं होतं; स्टिकर नेमकं तिथेच होतं.

दुसऱ्या दिवशी फोन केला. बाळ कसं आहे, हा प्रश्न त्या माणसाच्या तोंडून एकदाही आला नाही. "पुस्तक आहे ते, खेळणं नव्हे. मुलाकडे घरच्यांनी लक्ष ठेवायचं," म्हणाला. मग बिल मागितलं. घेताना मी बिल मागितलं तेव्हा मशीन बंद होतं, हे तो सोयीस्कर विसरला.

खेळणं नव्हे! 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, पण पुस्तकाच्या स्टॉलवर तो कोण शोधतं? तेव्हा स्टिकर दिसलं की तिथेच सोलून बघा. विक्रेता कुरकुरला तर पुस्तक परत ठेवा. चक्रीच्या मध्यावर नख घालून उचकटून पाहा. रिव्हेट हललं तर घेऊ नका. पट्टी ओढून पुठ्ठ्याच्या कडा बघा. दोन थरांमधला गोंद सुटत असेल तर पावसाळ्यात ते पुस्तक टिकणार नाही. सुटा होऊ शकेल असा तुकडा सुमारे 32 मिलिमीटर व्यासाच्या नळीत पूर्ण मावला, तर तो तीन वर्षांखालच्या मुलासाठी धोक्याचा. घरी टिश्यू रोलच्या आतली पुठ्ठ्याची नळी वापरा. ती थोडी रुंद असते, म्हणजे चाचणी कडकच होते.

दीड-दोन वर्षांपर्यंत भोकांची आणि उघडझाप करायच्या झडपांची पुस्तकं पुरेत. एरिक हिल यांच्या 1980 सालच्या 'व्हेअर्स स्पॉट?'मध्ये झडप उचलून कुत्र्याचं पिल्लू शोधायचं असतं, सुटणारं रिव्हेट त्यात नाही. फाटलेली झडप मात्र लगेच काढून टाका, ओल्या कागदाचा बोळाही घशात अडकतो. आणि तोंडातली वस्तू दिसत नसेल तर आत बोट फिरवू नका, ती आणखी खाली जाते. पाठीवर थापट्या कशा द्यायच्या हे बाळाच्या डॉक्टरांकडून आधीच शिकून घ्या. मुलावर लक्ष हवंच, ते कोण नाकारतंय?

ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर मी लावला होता. पहिला प्रश्न बिलाचाच आला. ते पुस्तक, सोललेलं स्टिकर आणि रिव्हेट एका पिशवीत बांधून कपाटात ठेवलं आहे. वहिनीला तो लाल गोल मी दाखवला. बराच वेळ तिनं तो पाहिला आणि म्हणाली, "ताई, हे तुम्ही आधी का नाही दाखवलंत?"