फ्रिजचा गॅस खरंच संपलाय का?

गेल्या मे महिन्यात आमचा फ्रिज गेला. नऊ वर्षांचा, सिंगल डोअर, १९० लिटरचा. आतला दिवा लागत होता, पण बर्फाच्या ट्रेमध्ये पाणीच. मागे कान लावला तर कॉम्प्रेसर घूं करायचा, चार-पाच सेकंदांत 'टक्' व्हायचं आणि गप्प. थोड्या वेळाने पुन्हा तेच. आलेल्या मेकॅनिकने हात न लावताच सांगून टाकलं, "कॉम्प्रेसर गेला, ताई. गॅससकट साडेसहा हजार." व्हिजिटचे तीनशे देऊन त्याला वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी आलेल्या काकांनी कॉम्प्रेसरच्या कुशीला खोचलेली काळी प्लास्टिकची डबी उपसली आणि माझ्या कानाशी हलवली. आत खडखड. "रिले फुटलाय." रिले आणि ओव्हरलोड मिळून साडेतीनशे, मजुरी तीनशे. साडेसहाशे रुपयांत फ्रिज चालू झाला. पहिल्या आकड्यातलं एक शून्य गळलं.

म्हणून पार्टचा भाव विचारण्याआधी बिघाड कसा ओळखला, हे विचारा. पुढचे आकडे पुण्या-ठाण्यासारख्या शहरांत साधारण ऐकू येणारे आहेत. तालुक्याच्या गावी मजुरी उतरते, पण पार्ट बाहेरून मागवावा लागतो.

फुकटातली तपासणी आधी उरकून घ्या. दारात दहाची नोट अडकवून दार लावा आणि नोट ओढा. अलगद सुटून आली तर त्या जागी दाराचं रबर सैल आहे. रबर आधी साबणाच्या पाण्याने पुसा, कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकून आकारात आणा; बरेचदा तेवढ्याने भागतं. बदलायचंच झालं तर पाचशे ते बाराशे. फ्रिज भिंतीला टेकला असेल तर पुढे ओढा, मागच्या जाळीवरची धूळ झाडा. थर्मोस्टॅट बिघडला की कॉम्प्रेसर एकतर थांबतच नाही किंवा सुरूच होत नाही. सिंगल डोअरमध्ये तो मजुरीसकट सहाशे ते हजारात बदलून होतो.

आता गॅस. फ्रिज थंड होईना की "गॅस संपला" हे वाक्य ठरलेलं. पण हा काही स्वयंपाकाचा सिलिंडर नव्हे. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, वापरून संपत नाही. कमी झालाच असेल तर कुठेतरी लिकेज आहे, आणि ते न शोधता भरलेला गॅस पुन्हा त्याच वाटेने जाणार. नीट केलेल्या कामात आधी लिकेज सापडतं, जोड भरला जातो, नवा फिल्टर बसतो, वीस-तीस मिनिटं व्हॅक्यूम पंप चालतो आणि मग काट्यावर तोलून गॅस भरतात. या सगळ्याला दोन ते साडेतीन हजार पडतात. कोणी पंधरा मिनिटांत बाराशेला भरून देत असेल तर त्याने यातलं काय गाळलं ते विचारा.

कोणता गॅस, किती ग्रॅम, हे फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरजवळच्या स्टिकरवर छापलेलं असतं. जुन्या फ्रिजमध्ये आर-१३४ए, हल्लीच्या बहुतेकांत आर-६००ए. हा दुसरा म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा. घरगुती फ्रिजमध्ये तो साधारण मूठभर ग्रॅमच लागतो, त्यामुळे बिलातली रक्कम गॅसची कमी आणि हातकामाची जास्त असते. एकाच्या जागी दुसरा भरू देऊ नका. काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवा.

बरीच लिकेजं आपणच करतो. फ्रीजरमधला बर्फ सुरीने खरवडताना अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याला टोचा बसतो आणि शंभर रुपयांच्या आइस्क्रीमसाठी तीन हजारांचा खड्डा पडतो. डीफ्रॉस्टचं बटण दाबा, टॉवेल अंथरा, थांबा.

फ्रॉस्ट फ्रीची तऱ्हा वेगळी. वर बर्फ होतोय, खाली दूध नासतंय, तर गॅसवर संशय घेऊ नका. आत जाळीवर बर्फाची भिंत चढून थंड हवेची वाट अडली असण्याचा संभव जास्त. फ्रिज चोवीस तास बंद करून दारं उघडी ठेवा. पुन्हा लावल्यावर काही दिवस झकास चालला आणि मग तेच दुखणं आलं, तर डीफ्रॉस्टचा दोष आहे. बायमेटल, हीटर किंवा टायमर यांतला एखादा पार्ट बाराशे ते दोन हजारांत बदलून होतो. पंख्याची मोटर गेली असेल तरी खर्च याच्याच आसपास. पीसीबीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कार्डावर, चालणाऱ्या मॉडेलमध्ये मात्र नवं कार्ड अडीच ते सहा हजारांचं असतं. शहरात कार्ड दुरुस्त करणारे कारागीर हजार-दीड हजारात काम करून देतात. त्यांना आधी दाखवा.

कॉम्प्रेसर खरोखर गेलाय का, हे मीटरने पाहता येतं. तीन पिनांपैकी एखादीचं कनेक्शन बॉडीशी लागत असेल किंवा दोन पिनांमध्ये वाचनच येत नसेल, तर तो गेला. ही तपासणी तुमच्यासमोर करायला सांगा. नवा कॉम्प्रेसर, गॅस, फिल्टर आणि मजुरी धरून सहा ते नऊ हजार. दहा वर्षांची कॉम्प्रेसर वॉरंटी असेल तर बहुधा कॉम्प्रेसरच फुकट मिळतो. गॅस आणि मजुरी आपल्या खिशातून, वर १८ टक्के जीएसटी. जुना कॉम्प्रेसर भंगारात विकला जातो, तेव्हा मेकॅनिक तो नेत असेल तर बिलातून वजावट मागा. लाजू नका.

माझा हिशेब सरळ आहे. फ्रिज दहा वर्षांपुढचा आणि काम कॉम्प्रेसरचं असेल तर मी पैसे घालणार नाही. सिंगल डोअर नवा पंधरा हजारांच्या आसपास येतो आणि वीजही कमी खातो. रबर, रिले, थर्मोस्टॅट, हीटर यांसाठी मात्र पंधरा वर्षांचा फ्रिजही दुरुस्त करावा.

कंपनीला फोन करायचा तर नंबर वॉरंटी पुस्तिकेतला घ्या. इंटरनेटवर शोधलेल्या 'टोल फ्री' नंबरांमागे भलतेच लोक बसलेले असतात. आणि बिल घ्याच. त्यावर पार्टचं नाव, त्याची वेगळी किंमत आणि गॅरंटीचे महिने लिहून घ्या. सेवा देऊन बिल नाकारणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे मराठीत बोलता येतं.