राजधानीला पाण्याने यावं

पोरांनो, मुंबई बघायला येणार असाल तर एक खेप तरी पाण्यातून या. अलिबागहून गाडीने निघालात की वडखळ, पनवेल, वाशी, चेंबूर करत तुम्ही शहरात मागच्या दाराने शिरता. मांडव्याहून लाँच धरलीत की साधारण तासाभरात मुंबई समोरून भेटते. १ मे १९६० ला ती महाराष्ट्राची राजधानी झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून कोकणातला माणूस तिथे पाण्यानेच येत होता. माझे सासरे आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि ट्रंक-वळकटी घेऊन लालबागला गाववाल्यांच्या खोलीवर आले, मग परळच्या गिरणीत लागले. त्या आगबोटी गेल्या, गिरण्याही गेल्या. बंदरातल्या लाँच मात्र चालू आहेत, आणि त्यांनी यायचे नियम फारसे बदललेले नाहीत.

पहिला नियम पाण्याचा. आमच्या बिल्डिंगमधली मंडळी ॲम्स्टरडॅमला जाऊन येतात आणि तिथल्या कालव्यातल्या बोटीचं कौतुक सांगतात. कौतुक करण्यासारखंच आहे ते. पण ते पाणी दरवाजांनी अडवून ठेवलेलं असतं, सकाळी जेवढं तेवढंच संध्याकाळी. आपल्या बंदरात उधाणाची भरती साडेचार मीटरच्याही वर जाते आणि सहा तासांनी तेच पाणी उतरून गाळ उघडा पडतो. म्हणून घड्याळाच्या आधी तिथी बघा. माझ्या वडिलांनी शिकवलेला हिशोब असा: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहाला. द्वादशीला नऊला. हीच वेळ दिवसा धरा आणि रात्रीही धरा, आणि मधे सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे होतो, तेवढं चालायचंच. भिंतीवर कालनिर्णय असलं की झालं.

आता याचा उपयोग काय ते नीट ऐका. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, नेमक्या तुमच्या निघायच्या आणि परतायच्या वेळी, सुकती. त्यातही उधाणाची सुकती, सगळ्यात खाली जाणारी. मांडव्याला त्याचा त्रास कमी. पण मोरा आणि रेवस ही गाळाची बंदरं आहेत, तिथे खोल सुकतीला लाँच धक्क्याला नीट लागत नाही, खोळंबा होतो, कधी फेरीच रद्द होते. रेवस किंवा मोऱ्याहून येणाऱ्यांनी एकादशी-द्वादशीचा दिवस धरावा. सकाळी आठ-नऊला भरलेलं पाणी मिळतं, दुपारी अडीच-तीनला ते उतरतं, आणि संध्याकाळी तुम्ही परत निघता तेव्हा पुन्हा चढतं असतं. अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी, फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं बरोबर असतील तर तो दिवस बरा.

दुसरं, पाय टाकण्याचं. गेटवेच्या पायऱ्यांवर ओहोटीला खालच्या चार-पाच पायऱ्या शेवाळलेल्या असतात. त्यात बऱ्याचदा एका लाँचला लागून दुसरी उभी असते आणि पहिलीतून दुसरीत जावं लागतं. लाँच लाटेबरोबर वर येते, क्षणभर थांबते आणि खाली बसते. ती वर येऊन थांबली की पाय टाकायचा, खाली जाताना कधीच नाही. खलाशी हात पुढे करतो, त्याची बोटं धरू नका, मनगट धरा आणि त्याला तुमचं मनगट धरू द्या, ओल्या हातातून बोटं सुटतात. दुसऱ्या हातात काही नको. पिशवी आधी त्याच्याकडे द्यायची, मग आपण जायचं. साडी असेल तर निऱ्या वर खोचून घ्या. गुळगुळीत तळाच्या चपला घालून येऊ नका, आणि मूल कडेवर घेऊन तर कोणीच पाय टाकू नका. मूल खलाशाच्या हातात द्या, तो रोज देतो-घेतो.

बोट लागत असेल तर उपाशीपोटी बसू नका आणि भरल्या पोटीही नको. पोळी-भाजी खाऊन निघा, आल्याचा तुकडा दाढेत धरा, लाँचच्या मधोमध बसा आणि मोबाईल खिशात ठेवून लांब क्षितिजाकडे बघा. पुढे नाळेजवळ हेलकावे जास्त, मागे डिझेलचा धूर.

मांडव्याहून येताना सकाळी निघा आणि डाव्या हाताला बसा. वरच्या डेकचे जादा पैसे मागितले तर द्या, ते वसूल होतात. डावीकडे प्रॉन्ग्जचं दीपगृह दिसेल, १८७५ सालचं, मग कुलाब्याची लांब जीभ. गेटवे आणि ताज दोन्ही पूर्वेच्या पाण्याकडे तोंड करून उभे आहेत, त्यामुळे सकाळचं ऊन त्यांच्या अंगावर पडतं. संध्याकाळी तोच सूर्य त्यांच्या मागे जातो आणि तुम्हाला नुसता काळा आकार दिसतो. ताज १९०३ चं, गेटवे १९२४ चं, हे पोरांना सांगा, सगळ्यांना उलटंच वाटतं. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला येणार असाल तर उजवीकडे बसा: घारापुरी, तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप, नांगरलेली जहाजं, आणि लांबवर २०२४ साली सुरू झालेला अटल सेतू. नौदलाच्या जहाजांचे फोटो काढू नका. हिवाळ्यात कुरव पक्षी लाँचमागे उडत येतात, त्यांना कुरकुरे टाकू नका. त्यांना मासे पकडता येतात.

आता जे सांगते ते कान देऊन ऐका. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत उलटली, सहाशेच्या वर माणसं गेली. आमच्या भागात त्या बोटीचं नाव आजही सांभाळून घेतलं जातं. तेव्हा पाऊस होता, वारा होता, आणि लाट आली तशी माणसं एका बाजूला धावली असं जुने लोक सांगत. त्यांनी आम्हाला एवढंच शिकवलं की काही दिसलं म्हणून सगळ्यांनी एका कडेला जायचं नाही, बसल्या जागी बसायचं. १८ डिसेंबर २०२४ ला, लख्ख उजेडात, घारापुरीला निघालेल्या लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि पुन्हा माणसं गेली. म्हणून लाइफ जॅकेट अंगात घाला, मांडीवर घेऊन बसू नका. पट्टे आवळून बांधा. पोराच्या मापाचं नसेल तर मागून घ्या, आणि नाही म्हणाले तर पुढच्या लाँचने या. यात मी कोणाचं ऐकून घेणार नाही.

पावसाळ्यात जूनपासून ऑगस्टअखेर गेटवे-मांडवा लाँच बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो आणि मोऱ्याची लाँच हवा बघून चालतात. तीन नंबरचा बावटा लागला की मोऱ्याचीही बंद. गणपतीला लालबागला यायचं असेल तर हे आधी विचारून घ्या, बाप्पाची तारीख दरवर्षी मागेपुढे होते.

कुठे उतरायचं ते कशासाठी येता त्यावर ठरवा. मंत्रालयात काम असेल, किंवा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघायचं असेल, तर गेटवे. दोन्ही चालत जाण्यासारखं आहे. गिरगावात जायचं तर तिथून टॅक्सी करा. लालबाग, परळ, दादरला यायचं तर भाऊचा धक्का सोयीचा. धक्क्यावर मासळीच्या पाट्या, बर्फ, हातगाड्या यांची धांदल असते, तिथे मधे उभं राहून फोन लावू नका, कडेने डॉकयार्ड रोड स्टेशनकडे निघा. हार्बरची गाडी दुसऱ्या स्टेशनला, कॉटन ग्रीनला सोडते. वाटेत वेळ असेल तर भायखळ्याला राणीच्या बागेत जा आणि शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती पोरांना दाखवा. तो घारापुरीचा. त्याच्यावरून परदेशी लोकांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं, आणि तोही तुमच्यासारखाच पाणी ओलांडून मुंबईत आला. बुधवारी बाग बंद, सोमवारी घारापुरीची लेणी बंद, तेव्हा हे दोन वार टाळा.

परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ उतरल्या उतरल्या तिकीट खिडकीवर विचारा आणि तिच्या आधीचीच धरा. शेवटचीला गर्दी असते, आणि ती चुकली तर रात्री रस्त्याने पनवेलवरून वळसा. कार्तिकात या, हवा स्वच्छ असते आणि समुद्र शांत. तिथी ठरली की आदल्या दिवशी कळवा, जेवायला आमच्याकडेच या.