मंदिराचे उघडे दार
(वडील वर्ग आणि शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

शास्त्रवाचन : निर्गम १:१५-२१, दानीएल ३:१३-१८, मत्तय ५:१-१२, रोम १३:१-७
मुखपाठ : प्रेषितांची कृत्ये ५:२९
पाठाचा उद्देश : सत्ता जेव्हा खोटे बोलण्याची व गप्प बसण्याची सक्ती करते, तेव्हा ख्रिस्ती नागरिकाचे कर्तव्य काय, हे पवित्र शास्त्राच्या व एका मंडळीच्या अनुभवाच्या आधारे समजून घेणे.

प्रास्ताविक

‘राजकारण हे आपले काम नव्हे, आपण प्रार्थना करावी आणि अधिकाऱ्यांच्या अधीन राहावे,’ असे आपल्या मंडळ्यांतून पुष्कळदा ऐकू येते. असे म्हणणारे बंधुभगिनी रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाकडे बोट दाखवतात. तो अध्याय खराच आहे व तो कोणी पुसू नये. पण तो पुरता वाचला पाहिजे. अधिकारी हा लोकांच्या हितासाठी नेमलेला देवाचा सेवक आहे, असे पौल तेथे सांगतो. म्हणजे अधिकाराला मान आहे, तसे मापही आहे. सेवक धन्याच्या जागी बसू लागला, तर काय करावे याचे उत्तर पेत्र व इतर प्रेषित यांनी न्यायसभेपुढे दिले. तेच आपला मुखपाठ आहे.

त्याही आधीचे उदाहरण इब्री सुइणींचे आहे. मुलगे जन्मताच मारावेत ही फारोची आज्ञा शिप्रा व पुवा यांनी पाळली नाही. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते, पदही नव्हते. निर्गमाच्या पुस्तकात त्या फारोचे नाव कोठेही दिलेले नाही. या दोन सुइणींची नावे मात्र आहेत. शिक्षकांनी ही गोष्ट मुलांच्या अवश्य लक्षात आणून द्यावी.

एका मंडळीची हकीकत

पूर्व जर्मनीत १९४९ ते १९९० या काळात साम्यवादी राजवट होती, आणि १९८९ च्या अखेरपर्यंत सर्व सत्ता एकाच पक्षाच्या मुठीत होती. गुप्त पोलिसांचे खबरे शाळेत, कारखान्यात आणि मंडळीतही असत. ख्रिस्ती घरांतील मुलांना पुढील शिक्षणात अडथळे येत. तेथील लाइपझिग शहरात संत निकोलस मंदिर आहे. संगीतकार बाख याचे ‘योहानाच्या शुभवर्तमानानुसार दुःखसहन’ हे संगीत १७२४ च्या उत्तम शुक्रवारी याच मंदिरात पहिल्यांदा गायले गेले.

या मंदिरात १९८२ पासून दर सोमवारी सायंकाळी पाच वाजता शांतीसाठी प्रार्थना होऊ लागली. पुष्कळदा मोजकेच लोक येत. पाळक ख्रिस्तियान फ्यूरर यांनी मंदिराबाहेर फलक लावला, की हे मंदिर सर्वांसाठी उघडे आहे. देश सोडू पाहणारे, सैन्यात जाण्यास नकार देणारे, नद्यांच्या प्रदूषणाविषयी बोलणारे, असे नाना लोक येऊ लागले. त्यांतील कित्येकांचा देवावर विश्वास नव्हता. पण मोकळेपणी बोलायला त्या शहरात दुसरी जागाच नव्हती.

१९८९ च्या सप्टेंबरात प्रार्थनेनंतर बाहेर पडणाऱ्यांना पोलिसांनी धरून नेले. तेव्हा लोकांनी मंदिराच्या खिडक्यांशी फुले व मेणबत्त्या ठेवल्या. गर्दी दर सोमवारी वाढू लागली. ९ ऑक्टोबर १९८९ चा सोमवार कसोटीचा ठरला. ‘गरज पडल्यास हातात शस्त्र घेऊन’ बंदोबस्त करू, अशी धमकी तीन दिवस आधी वर्तमानपत्रात छापून आली होती. रुग्णालयांत जादा रक्त तयार ठेवल्याची बातमी शहरभर पसरली होती. पक्षाने आपली शेकडो माणसे दुपारीच मंदिरात आणून बसवली, म्हणजे इतरांना जागा उरू नये. त्यांनाही कोणी बाहेर काढले नाही; त्यांनीही ती उपासना ऐकली. शहरातील आणखी तीन मंदिरांतही त्याच वेळी प्रार्थना झाली. वाद्यवृंदाचे प्रमुख कुर्त माझूर यांच्यासह सहा नागरिकांनी काढलेले शांततेचे आवाहन मंदिरांत व शहरातील ध्वनिक्षेपकांवरून वाचले गेले. त्या सहांत सत्ताधारी पक्षाचे तीन पदाधिकारीही होते.

त्या संध्याकाळी सुमारे ७०,००० लोक हाती मेणबत्त्या घेऊन शहराच्या वर्तुळाकार रस्त्याने चालत गेले. ‘हिंसा नको’ आणि ‘आम्हीच जनता आहोत’ अशा त्यांच्या घोषणा होत्या. एकही गोळी सुटली नाही. १८ ऑक्टोबरला देशाचे प्रमुख होनेकर पदावरून गेले, ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली आणि १८ मार्च १९९० रोजी तेथे खुली निवडणूक झाली.

या हकीकतीतून चार धडे

१. सत्य. ७ मे १९८९ रोजी पूर्व जर्मनीत स्थानिक निवडणुका झाल्या. मतपत्रिकेवर एकच यादी असे. ती घडी घालून पेटीत टाकली की होकार झाला. नकार द्यायचा तर प्रत्येक नाव खोडावे लागे, आणि आडोशाला जाणाऱ्यावर लक्ष ठेवले जाई. मात्र मतमोजणी पाहण्याची मुभा कायद्याने होती. बर्लिनच्या वाइसेनसे भागात व इतरत्र नागरिक मतमोजणीला जाऊन उभे राहिले, आकडे टिपले, बेरीज केली. सरकारने ९८.८५ टक्के होकार जाहीर केला. लोकांनी मोजलेले नकार त्याहून कितीतरी अधिक होते. खोटेपणा उघडा पाडायला वही, पेन्सिल आणि हजर राहण्याची तयारी एवढेच लागले. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा अशी पाळता येते.

२. चिकाटी. १९८२ पासून १९८९ पर्यंत सात वर्षे झाली. रिकाम्या बाकांसमोर केलेल्या प्रार्थना वाया गेल्या नाहीत. पर्वतावरील प्रवचन ज्यांनी वर्षानुवर्षे ऐकले होते, त्यांना ऐन प्रसंगी हात आवरता आला. ऐन वेळी कोणी शिकू म्हटले, तर हे येत नाही.

३. अहिंसा. मेणबत्ती पेटती ठेवायची तर दुसऱ्या हाताने वाऱ्यापासून जपावी लागते. मग दगडाला हात उरत नाही, असे पाळक फ्यूरर सांगत. धन्य ते शांती करणारे, या शिकवणीचा अर्थ भित्रेपणा असा कोणी करू नये. त्या रात्री रस्त्यावर उतरणाऱ्यांपैकी कित्येकांनी घरी मुलांची सोय लावून ठेवली होती.

४. उघडे दार. दार सर्वांसाठी उघडे म्हटल्यावर ते पक्षाच्या माणसांसाठीही उघडे राहिले. जुलूम करणारा मनुष्यही देवाचा हरवलेला लेकरू आहे, ही गोष्ट मंडळीने सोडली की तीही एक पक्षच होऊन बसते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली ही की ती मंडळी निर्दोष नव्हती. सरकारचा दाब वाढला तेव्हा, १९८८ च्या ऑगस्टमध्ये, प्रार्थना चालवणाऱ्या तरुण गटांकडून ते काम मंडळीच्या वरिष्ठांनी काढून घेतले. तरुण दुखावले, वाद झाले. पुढील वर्षी त्यांना पुन्हा सहभाग मिळाला. वडीलधाऱ्यांची काळजी व तरुणांची कळकळ यांचा असा संघर्ष आपल्याकडेही होतो. तो दडपून टाकू नये. एकत्र बसून सोडवावा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. लाइपझिगमध्ये जे झाले ते सर्वत्र होत नाही. त्याच वर्षी ४ जूनला चीनच्या बीजिंग शहरात सैन्याने निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. म्हणून ‘नीतीने वागले की यश येतेच’ असे मुलांना शिकवू नये. दानीएलाच्या तीन मित्रांनी राजाला काय सांगितले ते पाहा : आमचा देव सोडवायला समर्थ आहे, पण त्याने न सोडवले तरी आम्ही मूर्तीला नमन करणार नाही. ख्रिस्ती माणूस योग्य ते करतो, कारण ते योग्य आहे.

आपल्यासाठी

आपल्या देशानेही २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ आणीबाणी पाहिली. वर्तमानपत्रांवर नियंत्रण आले, हजारो लोक खटल्याशिवाय तुरुंगात गेले, आणि शेवटी १९७७ च्या मार्चमधील मतदानाने लोकांनी आपला निर्णय दिला. हुकूमशाहीची वृत्ती एकाच पक्षाची वा एकाच देशाची मालमत्ता नसते. ती घरात, संस्थेत आणि मंडळीच्या कमिटीतही शिरते. म्हणून तिचा प्रतिकारही जवळच सुरू व्हावा. मतदार यादीत आपले व शेजाऱ्याचे नाव आहे का ते पाहणे, पैसे घेऊन मत न देणे, ग्रामसभेला जाऊन प्रश्न विचारणे, २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली अर्ज करणे, मंडळीचा हिशेब दर वर्षी सर्वांपुढे वाचणे, आणि शेजारच्या दुसऱ्या धर्माच्या माणसावर अन्याय झाला तर त्याच्या बाजूने उभे राहणे, ही सर्व ख्रिस्ती साक्षच आहे. अल्पसंख्य म्हणून आपण केवळ आपल्या दुःखाविषयी बोललो, तर आपले बोलणे कोण ऐकेल?

चर्चेसाठी प्रश्न

१. रोम १३ व प्रेषितांची कृत्ये ५ हे दोन्ही भाग एकत्र कसे वाचावेत?
२. ज्यांचा विश्वास नाही अशा लोकांसाठी मंदिर उघडे ठेवणे योग्य होते का? आपल्या मंदिराचे दार कोणासाठी बंद आहे?
३. भीतीमुळे आपण कोठे गप्प राहतो? त्या ठिकाणी एक लहानसे खरे पाऊल कोणते?

शब्बाथ शाळेसाठी : मुलांना शिप्रा व पुवा यांची गोष्ट सांगावी. नंतर प्रत्येकाला एक मेणबत्ती देऊन ती एका हाताने धरून दुसऱ्याने जपायला सांगावे आणि तसेच चालत मंदिराला एक फेरी घालावी. लहानांबरोबर एक वडील माणूस असावा.

प्रार्थनेचे विषय : अधिकाऱ्यांना न्यायबुद्धी मिळावी (१ तीमथ्य २:१-२), खरे बोलल्यामुळे तुरुंगात असलेल्यांना व त्यांच्या घरच्यांना धीर मिळावा, आपल्या मंडळीला निर्भय व नम्र जीभ लाभावी.