आधी नोंद, मग काडी

२०१५ चा फेब्रुवारी. तासगाव तालुक्यातल्या आमच्या थॉमसन द्राक्षाच्या बागेत एका वेलीच्या एकाच काडीवर दोन घड वेगळे दिसले. मणी बोटाच्या दोन पेरांएवढे लांब, घड मोकळा. त्याच वेलीच्या बाकी काड्यांवर मात्र नेहमीचे आखूड मणी. मी त्या काडीला लाल फडकं बांधलं. तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन हे वाण बागायतदारांनी थॉमसनमधूनच निवडून काढले, हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. तसंच काही आपल्या बागेत निघालं, या आनंदात रात्रभर झोप आली नाही.

खरड छाटणीत त्या काडीचे डोळे राखले. पुढच्या वर्षी डॉगरीज खुंटावर चाळीस कलमं भरली. २०१८ च्या हंगामात चाळीसच्या चाळीस झाडांवर तेच लांब मणी आले. माल व्यापाऱ्याला दिला, दर चांगला मिळाला आणि बघायला रीघ लागली. पाहुण्यांना काड्या फुकट दिल्या, परगावच्यांना विकल्या. एक रोपवाटिकावाला दोनशे काड्या रोख पैसे देऊन घेऊन गेला. पावती त्यानं मागितली नाही, मीही दिली नाही. दोन वर्षांनी तोच वाण त्याच्या नावाने कलमी रोपांत विकला जाऊ लागला. माझ्याच भावकीतल्या एकाने ती रोपं विकत आणून लावली.

२०२१ मध्ये मी जागा झालो आणि कृषी विज्ञान केंद्रात गेलो. तिथल्या शास्त्रज्ञांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "दादा, पहिली काडी कधी विकली? पहिला माल कधी विकला?" मी २०१८ म्हणालो. त्यांनी मान हलवली.

तेव्हा कळलं ते असं. आपल्या देशात पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ पासून आहे. नव्या वाणाची नोंदणी हवी असेल, तर अर्जाच्या तारखेआधी एक वर्षाहून जुनी विक्री भारतात झालेली चालत नाही. आणि विक्री म्हणजे फक्त काडीची नव्हे, त्या वाणाच्या मालाचीही. रोपवाटिकावाल्याने माझ्या संमतीशिवाय पुढे विकलेली रोपं यात धरली गेली नसती. आड आली ती माझी स्वतःची विक्री.

शेतकरी-वाण म्हणून नोंदणीचा एक वेगळा मार्ग आहे. त्यात नवेपणाची अट नाही. पण वाण माझ्याच बागेत निघाला, हे दाखवणार कशाने? फोटो नव्हता, वही नव्हती. लाल फडकं केव्हाच कुजून गेलं होतं.

या काळात मला दादाजी खोब्रागडे सतत आठवत होते. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या या शेतकऱ्याने १९८३ साली आपल्या भातात वेगळ्या लोंब्या हेरल्या आणि एचएमटी तांदूळ घडवला. तो तांदूळ दूरदूर पोचला, पण त्याचं मोल दादाजींच्या घरात आलं नाही. २०१८ मध्ये ते गेले. त्यांनी वाण शोधला तेव्हा हा कायदाच नव्हता. माझ्या वेळी होता, आणि मी त्याची चौकशीसुद्धा केली नाही. हीच माझी चूक, आणि ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

वेगळा वेल, वेगळं कणीस, वेगळी शेंग दिसली की त्याच दिवशी तारीख घालून फोटो काढा. शेजारी मूळ वाण ठेवून काढा, म्हणजे फरक दिसेल. छाटणी, कलम, फुलोरा, काढणी यांच्या तारखा वहीत लिहा. मणी मोजा, वजन करा.

अर्ज होईपर्यंत काडी, बियाणं, माल यांतलं काही विकू नका. कुणाला चाचणीसाठी द्यायचं असेल, तर "फक्त चाचणीसाठी" असं लिहून दोघांच्या सह्या घ्या. नात्यातल्या माणसाकडूनही घ्या. त्यात संकोच कसला?

मग जवळच्या कृषी विद्यापीठात जा. द्राक्षासाठी पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. वाण इतरांपेक्षा वेगळा आहे का, सगळी झाडं एकसारखी येतात का, पुढच्या पिढीतही गुण टिकतात का, या तीन गोष्टी तपासल्या जातात. शेतकरी-वाणाच्या अर्जावर पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती, जिल्हा कृषी अधिकारी, विद्यापीठाचे संशोधन संचालक किंवा जिल्हा आदिवासी विकास अधिकारी यांपैकी एकाचा दाखला लागतो. कायद्याने शेतकऱ्याला फी माफ आहे. त्यामुळे "खर्च परवडत नाही" म्हणून मागे राहू नका.

अर्ज मान्य झाला की तो या कायद्याखालच्या नोंदणी प्राधिकरणाच्या पत्रिकेत जाहीर होतो, आणि तीन महिन्यांत कुणालाही हरकत घेता येते. तुमचा वाण दुसरा कुणी आपल्या नावावर करू पाहत असेल, तर अडवण्याची संधी हीच. वेली आणि झाडांना संरक्षण जास्तीत जास्त १८ वर्षं, इतर पिकांना १५ वर्षं मिळतं.

गावात काही जण म्हणतात, नोंदणी झाली की शेतकऱ्यांतली देवाणघेवाण थांबेल. तसं नाही. कलम ३९ प्रमाणे नोंदलेल्या वाणाचं बियाणंही शेतकरी राखू शकतो, पेरू शकतो, वाटू शकतो, विकूही शकतो. फक्त ते ब्रँड लावून विकता येत नाही. २०१९ मध्ये गुजरातच्या बटाटा उत्पादकांवर पेप्सिकोने दावे लावले, तेव्हा याच कलमाचा आधार पुढे आला आणि कंपनीने ते दावे मागे घेतले.

प्राधिकरणाला सल्ला देण्यासाठी पाच जणांची स्थायी समिती कायद्यातच आहे, आणि तिच्यात एक जागा शेतकरी संघटनेच्या प्रतिनिधीची आहे. द्राक्ष बागायतदारांच्या संघटनांनी त्या प्रतिनिधीपर्यंत आपल्या अडचणी लेखी पोचवाव्यात, ही माझी कळकळीची विनंती. तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा तरी नोंदणीचं शिबिर भरलं, तर माझ्यासारखे कितीतरी वाचतील.

काडी मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, हे मीही मानतो. पण आधी नोंद करा, मग काडी द्या.