शिकण्याची उमेद आणि मनाची धारणा

मुलांविषयी बोलताना मराठी माणूस दोन म्हणी सारख्याच विश्वासाने वापरतो. एक म्हणते, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात; दुसरी म्हणते, प्रयत्नांती परमेश्वर. पहिलीच्या मते मूल पुढे काय होणार हे आरंभीच ठरून गेलेले असते. दुसरीच्या मते ते अद्याप ठरावयाचे असते. एरवी ह्या दोन्ही म्हणी एकाच घरात सुखाने नांदतात. परंतु मूल परीक्षेत नापास होते किंवा शर्यतीत मागे पडते, त्या दिवशी वडीलधाऱ्यांना दोहोंपैकी एकीची निवड करावी लागते. आणि ती निवड मुलाच्या कानावर पडते. "ह्याच्या डोक्यात गणित शिरतच नाही", "हिच्या अंगात खेळ नाहीच" अशी वाक्ये कोणी दुष्टाव्याने बोलत नाही. तरीही दहा वर्षांच्या मुलाला ती कायमच्या निकालासारखी वाटतात.

अशा वाक्यांचा मुलाच्या शिकण्याच्या इच्छेवर काय परिणाम होतो, ह्याचा पद्धतशीर अभ्यास गेल्या काही दशकांत झाला आहे. त्यातून निघालेले निष्कर्ष शिक्षक, पालक व क्रीडाशिक्षक ह्या सर्वांच्या रोजच्या कामाशी निगडित आहेत. त्या निष्कर्षांना मर्यादाही आहेत, आणि त्याही तितक्याच ध्यानात घेण्याजोग्या आहेत.

दोन धारणा

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक ह्यांनी अपयशाला मुले कशी सामोरी जातात ह्याचा दीर्घकाळ अभ्यास केला व २००६ मध्ये आपले विचार सामान्य वाचकांसाठी ग्रंथरूपाने मांडले. त्यांच्या मते माणसाची आपल्या क्षमतेविषयीची समजूत दोन प्रकारची असते. बुद्धी किंवा कौशल्य हे जन्मतः ठरलेले माप आहे, ते बदलत नाही, अशी समजूत म्हणजे 'स्थिर धारणा'. अभ्यास, योग्य पद्धत व इतरांचे मार्गदर्शन ह्यांमुळे क्षमता वाढू शकते, अशी समजूत म्हणजे 'विकासशील धारणा'. एकाच व्यक्तीच्या ठिकाणी ह्या दोन्ही असू शकतात. पोहायला आपण सरावाने शिकलो असे मानणारा मुलगा चित्रकलेविषयी मात्र "ती उपजतच असावी लागते" असे म्हणतो.

धारणेप्रमाणे प्रयत्नांचा अर्थच बदलतो. क्षमता ठरलेली आहे असे मानणाऱ्या मुलाला फार कष्ट करावे लागणे हे बुद्धी कमी असल्याचे लक्षण वाटते. त्यामुळे ते अवघड उदाहरण टाळते, शंका विचारत नाही, आणि हरण्याची भीती असलेल्या स्पर्धेतून आधीच अंग काढून घेते. न खेळल्याने हार होत नाही, पण खेळही येत नाही. क्षमता वाढते असे मानणाऱ्या मुलालाही अपयशाचे दुःख होतेच. परंतु ते अपयश त्याला आपल्या पद्धतीतील उणीव दाखविते.

हा विचार सर्वस्वी नवा नाही. फ्रान्समधील आल्फ्रेद बिने ह्यांनी १९०५ मध्ये तेओदोर सिमोन ह्यांच्या सहकार्याने बुद्धिमापनाची कसोटी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना विशेष शिक्षण देता यावे, हा तिचा उद्देश होता. बुद्धी ही न वाढणारी ठराविक राशी आहे, ह्या मताचा त्यांनी १९०९ मधील आपल्या ग्रंथात स्पष्ट निषेध केला. पुढे मात्र अनेक ठिकाणी बुद्धिमापन हे मुलांवर कायमचा शिक्का मारण्याचे साधन झाले.

कौतुकही जपून

निंदेने मूल खचते हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु कौतुकही चुकीचे असू शकते, असे क्लॉडिया म्यूलर व कॅरोल ड्वेक ह्यांच्या १९९८ मधील प्रयोगांवरून दिसले. पाचवीतील मुलांना त्यांनी आकृत्यांची काही कोडी सोडविण्यास दिली. ती सुटल्यावर काही मुलांची त्यांच्या हुशारीबद्दल, तर काहींची त्यांनी घेतलेल्या कष्टांबद्दल प्रशंसा केली. फरक केवळ एका वाक्याचा होता.

त्यानंतर पुढे कोणते काम हवे, असे विचारले असता कष्टांबद्दल वाखाणलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी नवे काही शिकता येईल असे काम पसंत केले. हुशार म्हटलेल्या मुलांचा कल आपली हुशारी टिकून दिसेल अशा कामाकडे होता. मग सर्वांना मुद्दाम अतिशय कठीण कोडी देण्यात आली व सर्वांनाच अपयश आले. अखेरीस पुन्हा सोपी कोडी दिली, तेव्हा हुशार म्हटलेल्या मुलांचे यश आरंभीपेक्षा घटले, तर कष्टांबद्दल वाखाणलेल्यांचे वाढले. आपले गुण दुसऱ्या मुलांना लिहून कळविण्यास सांगितले असता हुशार म्हटलेल्या मुलांपैकी जवळजवळ ४० टक्के मुलांनी ते वाढवून सांगितले. ज्या मुलाला हुशारीचे बिरूद मिळाले, त्याला अपयश लपविण्याचीही गरज भासू लागली.

सन २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्क शहरातील सातवीच्या ३७३ विद्यार्थ्यांच्या गणितातील प्रगतीची दोन वर्षे नोंद ठेवण्यात आली. बुद्धी वाढते असे मानणाऱ्यांचे गुण ह्या काळात चढत गेले. ती ठरलेली आहे असे मानणाऱ्यांचे जागच्या जागी राहिले. शिकण्याने मेंदूत बदल होतो, ह्यालाही आधार आहे. तीन चेंडू आळीपाळीने हवेत उडवून झेलण्याचा तीन महिने सराव केलेल्या प्रौढांच्या मेंदूतील काही भागांत वाढ झाल्याचे जर्मनीतील संशोधकांनी २००४ मध्ये दाखविले. सराव सोडल्यावर ती वाढ पुन्हा ओसरू लागली.

लाल मातीतून गादीवर

क्रीडाक्षेत्रात ह्या विचाराचे बोलके उदाहरण मराठी मुलखातच आहे. कराडजवळील गोळेश्वर येथे १९२६ मध्ये जन्मलेले खाशाबा दादासाहेब जाधव हे १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले. ५२ किलो वजनगटात त्यांना सहावे स्थान मिळाले. त्यांची सारी घडण लाल मातीच्या आखाड्यातील होती. कोल्हापूर, सातारा, बेळगाव ह्या भागांतील तालमींत आजही तयार होणाऱ्या मल्लांप्रमाणे चीतपट करणे हीच त्यांच्या लेखी कुस्ती. लंडनला मात्र गादीवर, वेळेच्या बंधनात, गुण मोजणाऱ्या पंचांसमोर लढावयाचे होते. मातीत पाय रोवून मारलेला डाव गादीवर तसाच बसत नाही.

सहाव्या स्थानाचे दोन अर्थ लावता आले असते. भारतीय मल्लाची ताकद एवढीच, हा एक; आणि गादीची कुस्ती वेगळी आहे, ती वेगळी शिकली पाहिजे, हा दुसरा. खाशाबांनी दुसरा अर्थ कृतीत आणला. पुढील चार वर्षे त्यांनी गादीवरील कुस्तीची तयारी केली आणि ते वरच्या, ५७ किलो वजनगटात उतरले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कॅनडा, मेक्सिको व जर्मनी ह्या देशांच्या मल्लांना हरवून त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यानंतरचे वैयक्तिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

ह्या कथेचा दुसरा भाग विसरून चालणार नाही. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, आणि लोकांनीही वर्गणी जमविली. खाशाबांची जिद्द एकट्याने हेलसिंकीला पोहोचली नाही. तिच्यामागे वस्ताद होते, शिक्षक होते, गाव होता.

गोमंतकीयांना आपल्या मातीतील एक उदाहरण आठवेल. मडगावात जन्मलेले फलंदाज दिलीप सरदेसाई ह्यांना भारतीय संघातून वगळण्यात आले होते. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर त्यांची निवड जेमतेम झाली. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत ७५ धावांत पाच गडी बाद झाले असता त्यांनी २१२ धावा काढल्या आणि मालिकेत एकूण ६४२. वगळलेला खेळाडू संपलेला खेळाडू नव्हे, हे त्या मालिकेने दाखविले.

अकरा महिन्यांची ताकद

उपजत गुण ओळखण्यात जाणकारांचीही चूक होते. कॅनडातील रॉजर बार्न्सली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये बर्फावरील हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. वयोगट १ जानेवारीपासून मोजला जात असे, आणि निवडलेल्यांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा आढळला. पुढे फुटबॉलमध्येही असेच दिसून आले. कारण साधे आहे. जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठा असतो. दहाव्या वर्षी तो उंच व दणकट दिसतो. म्हणून निवडला जातो. निवडला गेल्याने त्याला अधिक सराव व चांगले शिक्षक मिळतात. आणि काही वर्षांनी तो खरोखरच सरस ठरतो. आपण ज्याला पाळण्यातले पाय म्हटले, ते पुष्कळदा पंचांगातले महिने असतात.

मर्यादांचे भान

येथवरच्या विवेचनावरून मुलांना धारणेचे चार पाठ दिले की कार्य साधले, असा समज होऊ नये. अमेरिकेतील ६५ शाळांमध्ये नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवर झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तासाभराहूनही कमी वेळाच्या पाठाने मागे पडलेल्या मुलांच्या गुणांत वाढ झाली. परंतु ती चार गुणांच्या मापनश्रेणीत सरासरी केवळ एक दशांश गुणाची होती. ज्या शाळांत सोबत्यांना अवघड काम स्वीकारणे मानाचे वाटे, तेथे परिणाम अधिक टिकला. त्याच वर्षी इंग्लंडमधील सुमारे पाच हजार मुलांवरील प्रयोगात अशा शिक्षणाने भाषा व गणित ह्यांत अधिक प्रगती दिसली नाही.

ह्याचा अर्थ सरळ आहे. धारणा म्हणजे बियाणे. जमीन व पाणी नसेल तर ते उगवत नाही. वर्गात शिकविणे नीट नसेल, घरी दिव्याखाली बसण्यास जागा नसेल, मैदान नसेल, तर "प्रयत्न कर" हा उपदेश मुलाच्याच माथी दोष मारणारा ठरतो. प्रत्येक मूल प्रत्येक गोष्टीत सारखेच पुढे जाईल, असेही नव्हे. आजच्या स्थितीवरून उद्याची सीमा आखू नये, एवढेच ह्या अभ्यासाचे सांगणे आहे.

वर्गात व मैदानावर

पुढील गोष्टी खर्चाशिवाय करता येण्याजोग्या आहेत.

१. चूक तपासून तिचे कारण शोधावे. अपूर्णांकांच्या बेरजेत एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, असे उत्तर पुष्कळ मुले लिहितात. ते वरच्या अंकांची वरच्यांत व खालच्यांची खालच्यांत बेरीज करतात. त्यावर केवळ फुली मारली तर मूल "मला गणित येत नाही" एवढेच शिकते. त्याऐवजी अर्धी भाकरी ताटात ठेवून तीत आणखी एक तुकडा घातला तर ती अर्ध्याहून कमी कशी होईल, असे विचारावे. दोन पंचमांश हे अर्ध्याहून कमी आहेत, हे मुलाच्या स्वतःच ध्यानात येते. मग दोन्ही भाकऱ्यांचे सहा-सहा सारखे भाग करून तीन व दोन मिळून पाच षष्ठांश दाखवावेत. चूक झाली ती पद्धतीची, डोक्याची नव्हे.

२. प्रशंसा नेमकी करावी. "तू फार हुशार आहेस" ह्याऐवजी "तू उत्तर ताडून पाहिलेस, म्हणून चूक सापडली" असे म्हणावे. न केलेल्या कष्टांचे कौतुक करू नये; मुलांना ते पोकळ वाटते.

३. तेच ते पुन्हा करावयास न सांगता नवी रीत सुचवावी. चुकीच्या पद्धतीने शंभर वेळा मारलेली उडी चूकच पक्की करते.

४. खेळाडूची तुलना त्याच्याच मागील नोंदीशी करावी. जूनमधील उडी व डिसेंबरमधील उडी एका वहीत लिहिली, तर शेवटचा आलेला मुलगाही आपली वाढ पाहू शकतो.

५. बारा-तेराव्या वर्षापूर्वी कोणालाही संघाबाहेर कायमचे काढू नये. निवड दरवर्षी नव्याने करावी व जन्ममहिन्याकडे लक्ष ठेवावे.

६. शिक्षक व पालक ह्यांनी स्वतःच्या शिकण्याविषयी मुलांशी बोलावे. वडिलांनी "मलाही गणित कधी आले नाही" असे हसत सांगितले, तर ते वाक्य मुलगा वारशासारखे उचलतो.

खाशाबा हेलसिंकीहून परतले तेव्हा त्यांच्या स्वागताला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पदकानंतर सारा गाव गोळा होतो. मुलाला त्याची खरी गरज असते ती सहाव्या स्थानाच्या दिवशी. त्या दिवशी घरात, वर्गात किंवा मैदानावर कोणती म्हण उच्चारली जाते, ह्यावर पुष्कळ काही अवलंबून असते.