ते वाळ्याचं सरबत नव्हतं

सर्व्हिसिंगनंतर उरलेलं कूलंट पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून देणारा गॅरेजवाला मनाने चांगलाच असतो. गिऱ्हाइकाने पैसे मोजलेत, म्हणजे माल गिऱ्हाइकाचा, इतका सरळ त्याचा हिशेब. आमच्याकडेही असंच झालं. भाऊ गाडी घेऊन आला आणि गाडीबरोबर आलेली हिरव्यागार कूलंटची बाटली मागच्या व्हरांड्यातल्या फळीवर गेली. त्याच फळीवर लोणच्याच्या बरण्या होत्या, उन्हाळ्यासाठी आणलेल्या सरबताच्या बाटल्याही होत्या.

नागपूरचा मे महिना. भाचा सुटीला आलेला. ‘‘मामी, सरबत करू का?’’ ‘‘कर, आणि आबांनाही दे.’’ त्याने दोन पेल्यांत तळाशी हिरवं ओतलं, वरून माठातलं पाणी घातलं. रंग अगदी वाळ्याच्या सरबतासारखा. आबांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. पेला ओठांपर्यंत नेऊन ते थांबले, बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळून पाहिलं आणि ओरडले, ‘‘अरे, हे रेडिएटरचं आहे!’’ तोवर पोराचे दोन घोट पिऊन झाले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, ‘‘बाटली आणलीत?’’ आणली होती. तिच्यावर पाण्याच्या कंपनीचं नाव होतं. गॅरेजला फोन लावला, तर तिथला पोरगा म्हणाला, ‘‘मोठ्या कॅनमधून काढलं साहेब, चांगल्या कंपनीचंच आहे.’’ कोणती कंपनी, आत कोणतं ग्लायकॉल, किती टक्के, कोणालाच सांगता येईना. मग डॉक्टरांनी सगळ्यात वाईट तेच धरून चालायचं ठरवलं. रात्रभर ठेवून घेतलं, पुन्हा पुन्हा रक्त तपासलं. घोट लहान होते, त्यात पाणी भरपूर, म्हणून पोरगा दुसऱ्या दिवशी हसत घरी आला. लेबल असलेला डबा हाताशी असता, तर निदान त्या रात्रीचा अंदाजपंचे कारभार टळला असता.

बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं. चवीला ते गोड. काही कंपन्या त्यात मुद्दाम कडू द्रव्य घालतात, पण सगळ्या घालत नाहीत. पोटात गेल्यावर सुरुवातीला माणूस नुसता दारू प्यायल्यासारखा दिसतो, त्यामुळे घरचे गाफील राहतात. खरं नुकसान पुढे होतं. यकृतात त्याची आम्लं बनतात, त्यांतल्या ऑक्झॅलिक आम्लाचे खडे मूत्रपिंडात साचतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. मोठ्या माणसालाही शंभरेक मिलिलिटर शुद्ध ग्लायकॉल जीवघेणं ठरू शकतं. मुलाला किती कमी पुरेल, ते सांगायला नको. यकृतातला हा बदल रोखण्यासाठी फोमेपिझोल नावाचं औषध देतात. ते नसेल तर अल्कोहोलही वापरतात, पण ते दवाखान्यात, मोजूनमापून. घरच्या बाटलीतलं पाजण्याचा आगाऊपणा कोणी करू नये. रंगावरूनही काही ठरवू नका. कूलंट हिरवं, लाल, गुलाबी, निळं कसंही असतं आणि तो रंग कंपनीच्या मर्जीचा.

तेव्हा आमच्या घरात एकच नियम कडक आहे. गाडीचं काहीही खाण्यापिण्याच्या बाटलीत भरायचं नाही आणि मूळ डब्यावरचं लेबल काढायचं नाही. लेबल सुटायला लागलं, तर वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावायची. पावसाळ्यात कोकणात कागदी लेबल गळून पडायला वेळ लागत नाही. गॅरेजवाल्याला आधीच सांगायचं, की उरलं तर मूळ कॅनसकट द्या, नाहीतर तुम्हीच ठेवा. बॅटरीच्या ॲसिडच्या बाबतीत तर हा नियम मोडायचाच नाही. ते पाण्यासारखं नितळ दिसतं आणि इन्व्हर्टरच्या डिस्टिल्ड वॉटरशेजारी ठेवलं, की कधीतरी अदलाबदल होतेच. खरं सांगायचं तर घरात ॲसिड ठेवण्याचं कारणच नसतं. बॅटरीत वरून घालायचं असतं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर.

चुकून कोणी प्यालंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा जुना उपाय करू नका. ॲसिड वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतं. पेट्रोल, थिनर किंवा त्यांच्यासारखी द्रव्यं असलेलं पॉलिश उलटीबरोबर फुप्फुसात शिरलं, तर न्यूमोनिया होतो. डबा उचला आणि दवाखाना गाठा. दिल्लीच्या एम्सच्या विषबाधा माहिती केंद्राचा नंबर १८०० ११६ ११७ आहे. तो आमच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला आहे.

आता कपाट. गच्चीवरची पत्र्याची खोली लोकांना फार सोयीची वाटते, पण विदर्भाच्या उन्हात ती भट्टीच होते. डॅशबोर्डच्या आणि गंज काढायच्या स्प्रेच्या डब्यावर ‘५० अंशांच्या वर नको’ असं छापलेलं असतं, कारण आत दाबाखाली बहुधा ब्युटेन-प्रोपेनसारखा जळणारा वायू असतो. बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीत पारा ५० च्या पुढे सहज जातो. म्हणून हे डबे गाडीतही ठेवू नका. पश्चिमेच्या बाल्कनीचीही तीच गत. इन्व्हर्टरजवळ आणि देवघराखाली तर नकोच. पेट्रोल-थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती फरशीवरून सरपटत जाते आणि समईपाशी पोचायला तिला कोणी वाट दाखवावी लागत नाही. पेट्रोल घरात ठेवूच नये, हे माझं मत. ठेवणारे ते प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवतात, हा त्यावरचा कळस.

आम्ही घरातल्या सावलीच्या भिंतीकडेचं, कुलूप लागणारं लोखंडी कपाट निवडलं. सगळ्यात खाली ट्रे आणि त्यात द्रव पदार्थ, म्हणजे गळालं तरी ट्रेमध्येच राहील. चाकांचं क्लीनर बऱ्याचदा आम्लधर्मी असतं. ते बाथरूममधल्या ब्लीचशेजारी ठेवू नका. दोन्ही सांडून एकत्र आले, तर क्लोरीन वायू सुटतो. ब्रेक ऑइल छोट्याच बाटलीतलं घ्यावं. झाकण उघडल्यापासून ते हवेतला ओलावा शोषत राहतं, मग ऐन घाटात ब्रेक तापल्यावर दगा देतं. म्हणून अर्धी बाटली पुढच्या वर्षासाठी राखून ठेवण्यात काटकसर नाही. त्याचा थेंब गाडीच्या रंगावर पडला, तर रंग उठतो, हेही लक्षात असू द्या.

शाम्पू, वॅक्स, पॉलिश यांचं विशेष काही नाही. झाकण घट्ट, जागा थंड, कपाटाला कुलूप, एवढं पुरतं. मायक्रोफायबरची फडकी मात्र वेगळ्या पिशवीत बंद करून ठेवा. उघड्यावर ठेवलेल्या फडक्यात धुळीचे कण बसतात आणि पुढच्या पुसण्याला तेच काचेवर, रंगावर ओरखडे काढतात. जमिनीवर पडलेलं फडकं धुतल्याशिवाय गाडीला लावू नका. फॅब्रिक कंडिशनरही त्यांना चालत नाही, पाणी टिपायची ताकद जाते.

काढलेलं जुनं इंजिन ऑइल गटारात ओतू नका, गॅरेजला परत द्या. जळकं तेल गोळा करणारे त्यांच्याकडे येतात. जुन्या कूलंटचंही तेच. अंगणात ओतलेल्या कूलंटचं डबकं गल्लीतली कुत्री-मांजरं गोड लागतं म्हणून चाटतात. त्यांना न्यायला रात्री कोणी दवाखाना शोधत नाही.